गाडीची डावी बाजू

"मागं झोपून मला नुसतं गाडीचं छत दिसतं," वृषाली म्हणाली. "मला पुढं बसायचंय. तुझ्या शेजारी."

सुहास मिरजे तिच्या पायांना तेल लावत होता. त्याचा हात थांबला. ती असं काही मागेल याची जणू त्याला भीतीच होती. आजारपणात तिनं आजवर काहीच मागितलं नव्हतं.

दोघांचा धंदा चष्म्याचा, पण दुकानात बसून करायचा नव्हे. कळे, बाजारभोगाव, मलकापूर, गगनबावडा अशा गावांतल्या आठवडी बाजारांना ते गाडी घेऊन जात. सुहास डोळे तपासायचा आणि वृषाली लोकांना फ्रेमा निवडून द्यायची. "ह्यात तुम्ही हेडमास्तर दिसताय बघा," असं म्हणून ती एखाद्या म्हाताऱ्याला आरसा दाखवायची, की तो लाजून तीच फ्रेम घ्यायचा. पण खरा धंदा, सुहास म्हणायचा, जाता-येताचा. ती डावीकडे बसून शेंगा सोलायची, निम्म्या त्याच्या तळहातावर ठेवायची आणि बोलत राहायची. पुढं आपोआप चालणारी गाडी आली तेव्हा त्याचे हात रिकामे झाले आणि गप्पा आणखी वाढल्या.

मग वृषालीच्या मणक्यांना आजारानं धरलं. शस्त्रक्रियेत पाठीत धातूच्या सळया बसवल्या. जीव वाचला, पण कंबर वाकेना. तिला आता ताठ बसता येत नव्हतं. तिच्यासाठी खास बनवलेल्या लांब खुर्चीत ती तिरकी रेलून असायची. दवाखान्यात न्यायचं तर मागची सीट पाडून तिला आडवं ठेवावं लागे. कोल्हापूरच्या रस्त्यांचे आवाज तिला ऐकू यायचे, दिसायचं काही नाही.

"पुढची सीट काढली तर खुर्ची बसेल तिथं," ती म्हणाली. तिनं मनातल्या मनात सगळी मापं घेऊन ठेवली होती.

सुहासनं रविवारी अंगणात सीट काढली. चार बोल्ट आणि खाली एक जाड वायर. त्या जागी लांब खुर्ची पट्ट्यांनी आवळली, वृषालीला उचलून तिच्यात ठेवलं. समोरची काच, काचेपलीकडचं लिंबाचं झाड, झाडाखालची मांजर, हे सगळं बघून ती खुदकन हसली. सुहास येऊन शेजारी बसला. त्यानं गाडी सुरू केली.

गाडी जागची हलली नाही. 'डावे आसन आढळत नाही,' पडद्यावर अक्षरं आली.

गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात त्यावर उपाय मिळत होता. अंगठ्याएवढा प्लग. तो त्या वायरीला लावला की सीट जागेवरच आहे असं गाडीला वाटे. सुहासनं तो आणून लावला. गाडी कुरकुर न करता सुरू झाली आणि पडद्यावर नवी ओळ उमटली : 'डावी बाजू : सामान.'

वृषालीनं ती वाचली. "बरोबरच आहे," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. या वेळी मात्र सुहासला तिच्याकडे बघवेना. त्यानं गाडी बंद केली आणि विमा कंपनीला फोन लावला.

*

कंपनीच्या तांत्रिक विभागातून अफरीन मुजावर आल्या. पस्तिशीच्या, अंगानं किरकोळ, बोलायला रोखठोक. त्यांनी आधी गाडीखाली वाकून प्लग काढला आणि खिशात टाकला.

"हा लावून रस्त्यावर गेला नाहीत ना?"

"नाही."

"बरं झालं." त्या पायरीवर बसल्या. वृषालीची खुर्ची आता ओसरीत होती, तिलाही ऐकू जावं अशा आवाजात त्या बोलू लागल्या. "सर, आधी कायद्याचं सांगते. तुमच्या गाडीच्या नोंदणीत पुढं दोन आसनं आहेत. एक काढलंत की तो गाडीतला फेरबदल झाला. त्याला आरटीओची परवानगी पाहिजे आणि आम्हालाही आधी कळवायला पाहिजे. नाहीतर आम्ही जिचा विमा उतरवला ती गाडीच ही नव्हे. उद्या कुणाला धडक बसली तर कोर्ट समोरच्याला भरपाई द्यायला लावेल, आम्ही देऊ आणि तुमच्याकडून वसूल करू. तुम्हाला, काकूंना काहीच मिळणार नाही. पण एवढंच असतं तर मी फोनवर सांगितलं असतं. सीट म्हणजे नुसती बैठक नाही हो आता."

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं.

हृदयाचा ठोका पडतो तेव्हा रक्त जोरानं वरच्या दिशेला फेकलं जातं आणि त्याच्या उलट झटक्यानं सगळं शरीर केसभर खाली ढकललं जातं. बंदूक उडाली की खांद्याला धक्का बसतो, तसंच. आपल्याला ते जाणवत नाही, पण सीटमधल्या नाजूक पट्ट्यांना कळतं. त्यावरून गाडी ओळखते की इथं पोतं नाही, माणूस आहे. त्याचं वय साधारण किती, हाडं-छाती किती सोसतील, याचाही अंदाज ती बांधते. रस्त्यावर कधीमधी अशी वेळ येते की टक्कर कशीही टळत नाही. तेव्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी स्वतःला वळवते आणि जो कोपरा मोकळा असेल तो पुढं करते. रिकामी बाजू चुरडते, माणूस वाचतो. या युक्तीनं अपघातातले मृत्यू इतके कमी झाले, की सरकारनं सीटला ब्रेकच्या पंक्तीत नेऊन बसवलं. सीट काढणं आणि ब्रेक काढणं कायद्याला सारखंच.

"म्हणजे त्या प्लगसकट आम्ही निघालो असतो आणि समोरून ट्रक आला असता..." सुहासनं वाक्य पुरं केलं नाही.

"तर गाडीनं काकूंची बाजू ट्रकपुढं केली असती," मुजावर म्हणाल्या. "तिच्या हिशोबी तिथं कुणी नाहीच."

ओसरीतून वृषालीचा आवाज आला. "ती पट्टी माझ्या खुर्चीत बसवली तर?"

"बसवून बघितलंय काकू, दुसऱ्या एका पेशंटसाठी. रेललेल्या माणसाचा ठोका सीटला नीट कळतच नाही. यंत्र सामानच म्हणतं."

"कुठं बसवली होती? पाठीखाली?"

"हो. नेहमी तिथंच असते."

"मी दिवसभर पडून असते," वृषाली म्हणाली. "ठोका मला पाठीत नाही जाणवत. तळपायात जाणवतो. पाय त्या फळीला टेकलेले असतात ना, तिथं. बारीक टक-टक लागते."

मुजावर उठून खुर्चीजवळ गेल्या. पायाकडच्या फळीवर त्यांनी बोटं टेकवली आणि डोळे मिटले. "अगं बाई," त्या पुटपुटल्या. बसलेल्या माणसाचा झटका खाली, सीटमध्ये उतरतो. आडव्या माणसाचा तसाच डोक्याकडून पायांकडे जातो. जमिनीकडे बघणाऱ्या पट्टीला तो सापडणार कसा?

*

कंपनीच्या चाचणी मैदानावर पायाच्या फळीत पट्ट्या बसवल्या गेल्या. त्या महिन्यांत वृषालीचा चेहरा पालटला. ती पहाटे उठून सुहासला हाका मारी. कुठं जायचं याच्या याद्या तोंडी म्हणून दाखवी आणि दर वेळी शेवटचं नाव एकच असे : हेळदे. करंजाळी घाटाखालचं तिचं माहेर. आईवडील केव्हाच गेले होते, घरही राहिलं नव्हतं. पण घाट उतरताना एका वळणावर देशावरचा करडा माळ मागं पडतो आणि एकदम सगळं कोकण खाली पसरतं, ते वळण तिला बघायचं होतं. आजाराच्या आधीच्या वर्षी ते तिथून गेले होते आणि तिला नेमकी झोप लागली होती. "उठवलं का नाहीस?" असं ती त्याला अजून विचारायची.

चाचणी यशस्वी झाली. मुजावर कागद घेऊन घरी आल्या तेव्हा सुहासनं पेढे आणून ठेवले होते. पण त्यांनी पेढा घेतला नाही.

"सर, काकूंना सांगितलंत का तुम्ही?"

"सांगतो की. नुसती सही तर करायची आहे."

"त्यांनाही सही करायची आहे. न सांगता मी घेणार नाही."

वृषालीनं मान वळवून दोघांकडे पाहिलं. "काय सांगायचंय?"

सुहास खिडकीशी जाऊन उभा राहिला. शेवटी मुजावरच बोलल्या. "काकू, गाडी आता तुम्हाला ओळखते. पडद्यावर येतं, 'डावी बाजू : प्रवासी, अतिनाजूक.' तुमच्या पाठीतल्या सळया, ठिसूळ हाडं, सगळं तिला कळतं. आणि पुढं दोन्हीकडे माणसं असली की टक्कर कुठल्या बाजूवर घ्यायची हे ती त्यावरूनच ठरवते. जो जास्त सोसू शकेल, त्याची बाजू."

"म्हणजे ह्याची."

"होय. दर वेळी, न चुकता. म्हणून त्यांची लेखी संमती लागते. त्यांनी महिन्यापूर्वीच दिलीय."

वृषालीनं नजर छताकडे वळवली. "पेढे शेजारी देऊन टाक," ती सुहासला म्हणाली. "मी कुठं येत नाही."

त्या संध्याकाळी तो तिच्याशी भांडला. आजारपणाच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच आवाज चढवून भांडला. "अगं, टक्कर होईलच कशाला? रोज हजारो गाड्या जातात. आणि झालीच तर मी धडधाकट माणूस आहे, हात मोडेल, पाय मोडेल. तू एक धक्का सोसायची नाहीस. कुठलाही नवरा हेच करेल."

"नवऱ्यानं आयत्या वेळी हात आडवा घातला तर गोष्ट वेगळी, सुहास. हे आधीच ठरवून ठेवलंयस तू. मी शेजारी बसून झाडं बघायची, बोलायचं, हसायचं, आणि सारखं डोक्यात हेच असायचं, की मी इथं आहे म्हणून तुझी बाजू पुढं केलेली आहे. मी मागं असते तेव्हा तसं नसतं ना?"

"मागं असलीस की नसतं. डावी बाजू रिकामी असते."

"मग मी मागंच बरी."

"आणि मी?" तो म्हणाला. "मी पुढं एकटा बसतो त्याचं काय? बाजाराला जाताना शेजारची सीट बघवत नाही मला. सामान ठेवतो तिच्यावर. तुला वाटतं हे सगळं मी तुझ्यासाठी करतोय?"

वृषालीनं हात पुढं केला. सुहास तिच्यापर्यंत आला, पण बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जुनी सीट पुन्हा जागेवर बसवली आणि चार बोल्ट आवळले.

*

पावसाळा गेला. मलकापूरच्या बाजारात लोक विचारत, "वैनी कशा हायत?" सुहास म्हणे, "बऱ्या आहेत." घरी तो तिला बाजाराच्या गोष्टी सांगायचा आणि ती ऐकून घ्यायची, पण मधे प्रश्न विचारायची नाही. प्रवासाचं नाव दोघंही काढत नव्हते. एकदा तो खोलीत आला तेव्हा ती डोळे मिटून पडली होती आणि तिचा उजवा हात हवेत, मांडीच्या थोडा वर, पालथा धरलेला होता. शेंगा देताना धरायची तसा. तो आवाज न करता बाहेर गेला.

त्यानंतर काही दिवसांनी वृषालीनंच मुजावरांना फोन केला.

"मॅडम, त्या यंत्राला निवड करू द्यायची नसेल तर?"

"तर यंत्र बंद ठेवून हातानं गाडी चालवायची. पण आसन काढलेली, हातानं चालवलेली गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, काकू. विमा नाही, परवानगी नाही."

"रस्त्यावर नाही म्हणजे कुठंच नाही?"

"कायदा सार्वजनिक रस्त्यापुरता. एखाद्याच्या शेतात, बंद आवारात कुणी अडवणार नाही. पण काकू, शेतात काय बघणार तुम्ही?"

"करंजाळीचा जुना घाट," वृषाली म्हणाली. "नवा बोगदा झाल्यापासून तो बंद आहे. वनखात्याकडे दिलाय, वर फाटक लावलंय. तिथं समोरून कुणी येत नाही."

मुजावर आपल्या परीनं दोन आठवडे खटपट करत होत्या. वनखात्यानं एका सकाळची परवानगी दिली, फक्त पहिल्या टप्प्यापुरती, स्वतःच्या जबाबदारीवर. कंपनीनं त्या दिवसापुरता गाडीचा विमा स्थगित ठेवला. फाटकापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर न्यायची नाही, दुसऱ्या वाहनावर लादून न्यायची. वृषालीनं रुग्णवाहिकेतून यायचं.

"आत काही झालं तर कुणीही काही देणार नाही," मुजावरांनी दोघांना समोरासमोर सांगितलं. "आणि कुणाची बाजू पुढं करायची हे गाडी ठरवणार नाही."

"कुणी ठरवणार नाही," वृषाली म्हणाली. "तेच पाहिजे होतं."

सुहासनं हातानं गाडी चालवून किती तरी वर्षं झाली होती. एका मित्राच्या वीटभट्टीच्या आवारात तो रोज सकाळी सराव करू लागला. पहिल्या दिवशी त्यानं विटांचा एक थर पाडला.

*

फाटकापाशी धुकं होतं. वनरक्षकानं कुलूप काढलं. त्यानं आणि सुहासनं मिळून वृषालीला रुग्णवाहिकेतून काढून पुढच्या खुर्चीत ठेवलं, पट्टे आवळले. पडदा काळा होता. गाडीला आज कुणाचाच ठोका ऐकायचा नव्हता.

सुहासनं गाडी पुढं काढली, माणसाच्या चालीनं.

डांबर जागोजागी उखडलं होतं, दोन्ही कडांनी कारवी आत घुसली होती. वृषालीचे डोळे भराभर फिरत होते, दगडावर, झाडावर, कठड्यावर बसलेल्या पक्ष्यावर. सगळं तिच्याकडे येत होतं आणि बाजूनं निघून जात होतं. किती वर्षांनी काहीतरी तिच्याकडे येत होतं. सुहासनं एकदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसताना तेवढा रस्ता चुकला असता.

"समोर बघ," ती म्हणाली.

"बघतोय."

"माझ्याकडे बघतोयस."

तिसऱ्या वळणावर त्याला ब्रेक जरा जोरात लागला आणि तिच्या तोंडून कण्हणं निघालं. तो घाबरून थांबला. "परत जाऊया?"

"चल पुढं."

पुढचं वळण कड्याला लागून होतं. ते घेतलं आणि धुकं संपलं. खाली कोकण होतं. हिरव्या टेकड्यांच्या घड्या, त्यांतून चकाकणारी नदी, कौलांचे तांबडे ठिपके आणि पार शेवटी, आभाळ आणि जमीन यांच्या मधे, समुद्र असेल नसेल अशी पांढुरकी रेघ.

वळणाच्या थोडंच पुढं रस्ता संपला. दरड कोसळून अर्धा रस्ता दरीत गेला होता, उरलेल्या अर्ध्यावर मातीचा ढीग आणि त्यावर गवत उगवलं होतं. ढिगाच्या पलीकडे घाट तसाच खाली हेळद्याकडे उतरताना दिसत होता.

सुहासनं गाडी उभी केली. वृषालीनं उजवा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. ते तसेच बसून राहिले. खालून कुठून तरी मोटारपंपाचा आवाज येत होता, कुणाच्या तरी बागेत पाणी चाललं होतं.

"आमच्या वाडीतला असेल," ती म्हणाली.

"असेल."

"उतरून चालत गेलं तर तासाभरात घरी."

त्यानं गुडघ्यावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

वेळ भरत आली तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, इथं गाडी वळवायला जागाच नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. वरच्या मोकळ्या जागेपर्यंत उलटंच जावं लागणार होतं, सगळी वळणं मागं बघत, आणि मागचे कॅमेरे तर यंत्राबरोबर बंद होते.

"वृषाली, गाडी रिव्हर्स न्यावी लागेल. मला मागं बघायला पाहिजे."

"मग बघ की."

त्यानं कंबरेतून वळून डावा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवरून टाकला. मागचा रस्ता नीट दिसायला त्याला आणखी झुकावं लागलं आणि त्याचा दंड तिच्या डोक्यामागं आला. तिनं मान त्याच्यावर टेकली. गाडी हळूहळू चढावर मागं सरकू लागली. सुहासला फक्त उखडलेलं डांबर आणि धुकं दिसत होतं. कोकण सगळं वृषालीच्या समोर होतं, जरा जरा लांब जाणारं.

"नदी अजून दिसते आहे," ती त्याला सांगू लागली. "पुलावरून कुणीतरी चाललंय. लाल काहीतरी आहे डोक्यावर. आता झाडाआड गेलं. सुहास, समुद्रच आहे रे तो, रेघ नाही. चकाकतोय."

"मग?"

"मग टेकडी आली मधे. अर्धी नदी गेली. तू हळू घे."

"हळूच घेतोय."

"आणखी हळू."

त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी सैल केला. गाडी जवळजवळ थांबल्यासारखी झाली, पण थांबली नाही.

"बोलत राहा," तो मागच्या धुक्याकडे बघत म्हणाला.